प्रेमलताबाईंनी दाबलेलं ‘नाही’

काटोल नाक्यावरून आत वळलं की पिठाच्या चक्कीला लागून प्रेमलता कामडीचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक शिलाई मशीन आणि सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. बाहेर दोन पाट्या. एकीवर ‘फॉल-पिको करून मिळेल’. दुसरीवर ‘मोबाइलची सेटिंग शिकवल्या जाईल. फक्त बायांसाठी. रविवारी दुपारी’. ही दुसरी पाटी वाचून आजवर चार नवरे भांडायला आले. चौघेही आले होते त्याहून घाईनं परत गेले.

बाई पन्नाशीला टेकलेली. शाळा नववीत सुटली, नवरा चाळिशीत गेला, तोंड मात्र कोणाला बंद करता आलं नाही. रेशन दुकानदार फलक लावत नव्हता, तिनं माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. वीज कापायच्या नोटिसा इंग्रजीत येत, म्हणून तीन वर्षं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. "ज्याची लाइट कापता त्याले समजन अशा भाषेत तं कापा!" असं साहेबाच्या टेबलावर हात आपटून सांगितलं. शेवटी वस्तीत मराठी नोटीस आली ती तिच्याच घरी. तिनं ती फ्रेम करून दुकानात लावली. लाइट कापायचीच नोटीस होती, पण मराठीत होती.

मोबाइलच्या भानगडीत ती पडली ती शेजारच्या कौशल्यामुळे. कौशल्याला नवरा मारायचा. प्रेमलतानं कौशल्याच्याच मोबाइलवर शोधून दिलं, नवरा मारत असेल तर तक्रार कुठे करायची. शोधलेलं पुसूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी नवरा त्याच मोबाइलवर क्रिकेट पाहायला बसला आणि दर दोन मिनिटांनी फारकतीच्या वकिलांच्या जाहिराती यायला लागल्या. त्यानं आधी जाहिराती पाहिल्या, मग बायकोकडे पाहिलं. कौशल्याचा हात कोपरात मोडला तो आजही सरळ होत नाही.

"कोणं सांगतलं त्याले?" प्रेमलता आठ दिवस हेच विचारत फिरली. कोणीच सांगितलं नव्हतं. मोबाइलनंच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून बाईनं ब्लाउज कमी शिवले आणि वाचलं जास्त. इंग्रजी शब्द वहीत उतरवायचे, अर्थ शोधायचा, समोर मराठीत लिहायचा. कोणी शिकवलं नाही, कोणाच्या पाया पडली नाही, आणि याचा तिला गर्व होता. तो तिनं लपवलाही नाही. वर्षभरात ती असा ब्राउझर बसवायला शिकली, जो आपल्या मागावर राहणाऱ्यांना हुसकावून लावतो. जाहिराती बंद, लोकेशन बंद, दुसऱ्यांच्या कुकीज बंद, आणि ब्राउझर मिटला की कुठे गेलो होतो ते सगळं आपोआप साफ. शेवटी एक खटका असायचा, फिंगरप्रिंटिंग रोखणारा. तो समजावताना ती रंगात यायची.

"कुकी म्हणजे तुह्या पदराले कोणं गुपचूप चिठ्ठी टाचली. ते आपण काढून फेकतो. पण चिठ्ठी नसली तरी ओळखता येते का नाही? मोबाइल कोणता, पडदा केवढा, अक्षर केवढं, घड्याळ कुठलं, हे सगळं वेबसाइट विचारून घेते. एक एक गोष्ट शंभर जणींची सारखी राहते. पण सगळ्या जोडल्या की तू एकटीच उरते. आता सांगा, मे महिन्यात स्कूटीवर पोरी तोंडाले ओढण्या बांधून जातात. बाप समोरून गेला तरी पोरगी ओळखू येत नाही. काहून?"

"ओढणी असते म्हणून," कोणीतरी म्हणायची.

"चूक! सगळ्याच बांधतात म्हणून. एकटीनंच बांधली असती तं अख्ख्या नागपूरनं वळून पाहिलं असतं. लपाचं असन तं गर्दीसारखं दिसाचं."

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं, आणि शंभर टक्के खरं होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला माफी नाही.

रीना झाडे गेल्या मार्चमध्ये आली. तिशीची, सडपातळ, डोळे कायमचे लाल. कळमेश्वरच्या एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात मिरची दळायच्या यंत्रावर होती. कंपनीची बस नाक्यावरूनच सुटायची, म्हणून प्रेमलता तिला चेहऱ्यानं ओळखत होती. रीनाचा नवरा जितेंद्र सावनेरकडे कोळशाच्या खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली होता. कमरेवर मार बसला, दोन वर्षं झाली, खाटेवरच. घरात सासू रुखमाबाई आणि शाळेत जाणारी पोरगी. चूल रीनाच्या एका हजेरीवर पेटत होती.

"काकू, माहं नाव कुठं येऊ नये," ती बसायच्या आधीच म्हणाली. "बाकी काही बी झालं तरी चालन. नाव नाही आलं पाह्यजे."

मग सांगितलं. यंत्राच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. ओली मिरची आली की जाळी तुंबते, म्हणून सुपरवायझरनं ती काढून ठेवली. फेब्रुवारीत सुभद्राचा हात आत गेला. दोन बोटं गेली. कंपनीनं तिच्याकडून लिहून घेतलं की बोटं घरी, विळ्यावर कापली. आता सुभद्राच्या जागेवर रीना उभी होती. जाळी अजून भिंतीला टेकून होती. रीनानं तिचा लपून फोटो काढला होता.

कंपनीचा माल परदेशात जायचा. तिकडच्या व्यापाऱ्यानं अट घातली होती की कामगारांसाठी निनावी तक्रारीची सोय पाहिजे. म्हणून ज्या वेबसाइटवर बाया रोज हजेरी लावायच्या, त्याच वेबसाइटवर खाली एक बटण होतं, ‘निनावी तक्रार’. पंधरा दिवसांनी तपासणीला माणसं येणार होती. त्याआधी पडलेली प्रत्येक तक्रार त्यांना दाखवावीच लागणार होती.

"निनावी म्हणे!" प्रेमलता खवळली. "आपल्याच घरची वेबसाइट अन् म्हणे निनावी. आण इकडे मोबाइल."

अर्ध्या तासात तिनं तो मोबाइल धुऊन काढला. जुना ब्राउझर बंद करून टाकला. "इखाची बाटली घरात ठेवाची नाही. आता हजेरी बी यातच लावाची. लावली का मिटून टाकाचं, सगळं पुसून जाते." रीनाचे डोळे चुरचुरायचे म्हणून अक्षर मोठं केलं. भाषेच्या यादीत मराठी सगळ्यात वर चढवली. हे ती प्रत्येकीच्या मोबाइलवर करायची, देवाला आधी हळद-कुंकू वाहावं तसं. मग फिंगरप्रिंटिंगचा खटका लावला.

खटका लागताच पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत. प्रेमलतानं वाचली. वेबसाइटींकडे तुमच्या भाषेऐवजी इंग्रजी पानं मागू का? तसं केल्यानं तुम्हाला ओळखणं अवघड होईल. हो की नाही?

बाईची कानशिलं तापली. आपल्या गावात, आपल्या मोबाइलवर, आपली भाषा लपवायची? तीन वर्षं पायऱ्या झिजवल्या त्या यासाठी?

"काय लिहिलं काकू?" रीनानं मान पुढे केली.

"काही नाही. तुह्या कामाचं नाही ते."

आणि तिनं ‘नाही’ दाबलं.

तक्रार चार-पाच दिवसांनी, शनिवारी दुपारी गेली. रीना सुटी असल्यानं दुकानात आली, मोबाइलचा नेट वापरून, चार ओळी आणि फोटो पाठवून मोकळी झाली. मिटवला ब्राउझर. दोघींनी चहा घेतला. रीना त्या दिवशी हसली, तेव्हा तिच्या गालाला खळी पडते हे प्रेमलताला पहिल्यांदा दिसलं.

मंगळवारी रीनाला ऑफिसात बोलावलं. तिथे मनोहरराव होते, कामगारांचं सगळं पाहणारे. मऊ माणूस. आवाज चढवणं त्यांना माहीतच नव्हतं, त्याची गरजही कधी पडली नव्हती.

"बसा रीनाबाई. घरी जितेंद्ररावांची तब्येत कशी आहे?"

"तशीच हाये साहेब."

"देव बरं करेल. मोबाइल मराठीतून वापरता ना तुम्ही? छान. अभिमान असला पाहिजे. आमच्याकडे दोनशे चाळीस बाया हजेरी लावतात, सगळ्यांचे मोबाइल इंग्रजीत नाहीतर हिंदीत. एकच मोबाइल मराठी मागतो. अक्षरही मोठं. रोज सकाळी तुमच्या नावानं हजेरी लावतो. आणि शनिवारी दुपारी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पंख्याकडे पाहिलं. "चौकशी होईपर्यंत घरी आराम करा."

रीनानं काहीच कबूल केलं नाही. "मले काही माहीत नाही साहेब," एवढंच म्हणत राहिली. मग एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत चालत आली, ऑटो धरला आणि थेट दुकानात उतरली.

"काकू, त्याईले कळलं."

"कळलं कसं? शक्यच नाही." प्रेमलताचा आवाज आधीच चढला होता. "काय म्हणाले?"

रीनानं शब्द न् शब्द सांगितला. मराठी. अक्षर मोठं. पण प्रेमलताच्या कानात एकच गोष्ट शिरली, कोणीतरी फोडलं. स्वतःच्या हातानं लावलेलं कुलूप तुटलं असेल असं कुलूपवाल्याला कधी वाटत नाही. त्याला चोर घरातलाच वाटतो.

"सुभद्रा," ती म्हणाली. "सुभद्रेनंच सांगतलं."

"तिले मी बोलली बी नाही काकू."

ऐकायला प्रेमलता होती कुठे? ती गोधनी रस्त्यावर सुभद्राच्या दारात जाऊन उभी राहिली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. "का वं सुभद्रे, दोन बोटं गेली तं जीभ बी विकली का? जी तुह्यासाठी मरून राहिली तिलेच विकलं?"

सुभद्रा बाहेर आली. पदराखाली उजवा हात. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता.

"मी कोणाले काही सांगतलं नाही बाई. अन् माही बोटं घरी कापली. विळ्यावर. माह्या पोराले कंपनीनं गोदामात लावलं आता." मग आवाज एकदम खाली आला. "हळू बोला ना. आजूबाजूले कंपनीचेच लोक राह्यतात."

प्रेमलता आल्या पावली परत फिरली. वाटेत पहिल्यांदा तिला शंका शिवली, आणि ती शंका पायात काटा मोडावा तशी चालू देईना. घरी येऊन तिनं मशीनवरचा अर्धा ब्लाउज बाजूला सारला आणि मोबाइल घेतला. तिचा मोबाइल नि रीनाचा एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा, आणि सेटिंगही तीच. ब्राउझर किती वेगळा दिसतो हे तपासून देणारी एक वेबसाइट असते. ती बायांना नेहमी सांगायची, "एकदा तपासून पाहा." स्वतः मात्र भाषा मराठी केल्यावर कधी तपासलं नव्हतं. स्वयंपाकीण आपलंच वरण चाखत नाही, त्यातलं.

पानानं दहा सेकंदं घेतली. मग उत्तर आलं. आजवर इथे येऊन गेलेल्या दोन लाखांहून जास्त ब्राउझरांत असा हा एकटाच.

तिनं अक्षर लहान केलं. पुन्हा तपासलं. फारसा फरक नाही. मग भाषांच्या यादीत जाऊन मराठी खाली ढकलली, इंग्रजी वर घेतली. पुन्हा तपासलं. एकटेपण गेलं. आता तिच्यासारखे हजारो होते.

गर्दी होती तिथे. रीनाला त्या गर्दीतून तिनंच बाहेर काढून उजेडात उभं केलं होतं. पुसायचं ते सगळं रोज पुसलं जात होतं, यात खोट नव्हती. पण हजेरी लावणारीचा जो चेहरा, तोच तक्रार करणारीचा चेहरा, आणि दोनशे चाळीसांत तसा दुसरा नाही. मग पुसून काय उपयोग?

दुसरी कोणी असती तर आधी रीनाकडे गेली असती. प्रेमलताला मात्र चूक सांगायच्या आधी ती दुरुस्त करायची होती. वाघिणीसारखी जाऊन सगळं आपल्या अंगावर घ्यायचं, मग मान ताठ ठेवून रीनापुढे उभं राहायचं. बुधवारी सकाळी ती कळमेश्वरच्या बसमध्ये बसली.

मनोहररावांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ते तक्रार मी टाकली," प्रेमलता म्हणाली. "रीनाचा काही संबंध नाही. हा घ्या माहा मोबाइल, पाहून घ्या. मराठीच हाये. अक्षर बी मोठं. तुमच्या मशिनीले दोघींतला फरक समजनार नाही." मोबाइलच्या सगळ्या सेटिंग तिनं येताना परत पहिल्यासारख्या केल्या होत्या.

मनोहररावांनी मोबाइलला हातही लावला नाही.

"असेल, मॅडम. मशीन चुकू शकतं. म्हणून तर मी रीनाबाईंना काढलं नव्हतं, नुसतं घरी बसवलं होतं. त्या नाही म्हणत होत्या आणि माझ्याजवळ पुरावा नव्हता." ते जरा थांबले. "फोटोही तुम्हीच काढला का?"

प्रेमलतानं पुढे केलेला मोबाइल मागे घेतला.

"आतल्या खात्यातला फोटो आहे. तुमचा गेटपास कधी झाला होता?"

प्रेमलतानं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच टेबलावर परत ठेवला.

"म्हणजे आतल्या कोणीतरी मोबाइल आत नेला, फोटो काढला आणि बाहेरच्या माणसाला दिला. आणि तुम्ही आलात ते एकाच बाईचं नाव घेऊन." मनोहररावांनी कागद पुढे ओढला. "हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही आलात, बरं झालं. चहा घेणार?"

गुरुवारी रीनाला काढल्याचं पत्र आलं. तक्रारीचा त्यात एक शब्द नव्हता. उत्पादन विभागात मोबाइल नेला, आतली माहिती बाहेरच्या व्यक्तीला दिली, एवढंच. शुक्रवारी ती शेजारच्या दोन कारखान्यांत विचारून आली. दोन्हीकडे तिचं नाव तिच्याआधीच पोचलं होतं.

शुक्रवारीच संध्याकाळच्या उन्हात प्रेमलता तिच्या घरी गेली. दार रुखमाबाईनं उघडलं आणि ‘या’ म्हटलं नाही. आत खाटेवर जितेंद्र भिंतीकडे तोंड करून पडलेला. रीना खाली बसून मेथी निवडत होती.

प्रेमलता दारातच जमिनीवर बसली. आणि सांगितलं. सगळं. चौकट, मराठी, तपासणी, मनोहररावांची खुर्ची. एकदाही ‘पण’ म्हणाली नाही. तिच्यासाठी ते डोंगर चढण्याएवढं होतं.

रीना मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "त्या चौकटीत काय लिहिलं होतं, आता सांगा."

प्रेमलतानं सांगितलं.

"मी बारावी झाली हाओ काकू. एवढं इंग्रजी मलेही वाचता येते. मोबाइल तुमच्या हातात होता म्हणून दिसलं नाही. मी विचारलं होतं, काय लिहिलं. तुम्ही म्हणाल्या, तुह्या कामाचं नाही."

"हो."

"नाव माहं होतं. चूल माही होती. तं काम कोणाचं होतं ते?"

प्रेमलतानं जमिनीवर सांडलेली मेथीची दोन पानं उचलून रीनापुढे ठेवली. 

"अन् कंपनीत बी तुम्ही मले न विचारताच गेल्या. मी नाहीच म्हणत होती त्याईले. नाहीच म्हणत राहिली असती. मनोहरराव म्हणतात ‘आराम करा’, तुम्ही म्हणता ‘तुह्या कामाचं नाही’. मले दोन्ही सारखंच ऐकू येते."

हे बोलताना तिचा आवाज चढला नाही. तिनं मेथीची जुडी रुखमाबाईकडे सरकवली, हात पुसले, पोरीच्या दप्तरातून रेघांचा कागद काढला आणि लिहायला बसली. वर कारखाना निरीक्षकांचा पत्ता. मग यंत्र, जाळी, फेब्रुवारी, सुभद्राचा हात. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता.

"सुभद्रा नाही म्हणन," प्रेमलता पुटपुटली. "तिचं पोरगं लागलं तिथं."

"माहीत हाये."

"मग तुह्या एकटीच्या सहीनं काय होईन?"

"बहुतेक काहीच नाही." रीनानं सही केली. "पण उद्या त्या यंत्रावर जे उभी राहीन तिचा हात गेला तं कोणी म्हणू नये का कोणं सांगतलंच नाही."

"मी साक्षीदार म्हणून सही करतो ना वं," प्रेमलता म्हणाली.

"तुम्ही पाहिलं होतं का, हात जाताना?"

"नाही."

"मग नाही."

रीनानं कागदाची घडी घातली, फोटोचा प्रिंट आत ठेवला, आणि दोन्ही देवाच्या फळीवर, डब्याखाली दाबून ठेवलं. सोमवारी सकाळी सिव्हिल लाइन्सला, निरीक्षकांच्या ऑफिसात जाईन म्हणाली. प्रेमलतानं विचारलं, सोबत येऊ का. खाटेवरून जितेंद्रनं पाणी मागितलं, रीना उठून आत गेली.

रुखमाबाई मेथीच्या काड्या गोळा करत होती. वर न पाहता म्हणाली, "जा आता बाई. दिवा लावाचा हाये."